धापेचं मिनिट

टॅबलेटला धाप लागते, हे मोनाली खोब्रागडेने लिहीपर्यंत तिच्या वाचकांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते इतकंच, की गेम खेळता खेळता दुपारी गाडी अडखळायला लागते, बोट दाबलं की गोळी उशिरा सुटते आणि हातातलं यंत्र तव्यासारखं तापतं. पुण्यामुंबईचे परीक्षक एसीत बसून दोन टॅबलेट शेजारी ठेवायचे, दोन्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवतात म्हणून दोघांनाही शाबासकी द्यायचे आणि घरी जायचे. एसीत काय, गाढवही घोड्यासारखं पळेल.

मोनाली राहते नागपुरात, इंदोऱ्यात. मे महिन्यात तिच्या खोलीतला पारा दुपारी दोनला चाळिशीच्या खाली उतरायचं नाव घेत नाही. तिने कूलर बंद केला, दार लावून घेतलं आणि तीस मिनिटं गाड्यांच्या शर्यतीचा एक जड गेम खेळली. अकराव्या मिनिटाला साठ चित्रांची चाळीस झाली. यंत्र फार तापलं की स्वतःच कामाचा वेग कमी करतं, त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. मोनालीने सरळ लिहिलं, 'ह्याला अकराव्या मिनिटाला धाप लागते.'

वाचकांनी शब्द उचलला. अकोल्याची, चंद्रपूरची माणसं विचारू लागली, "ताई, बाकी राहू द्या, धापेचं मिनिट सांगा." ज्या मराठी संकेतस्थळासाठी ती लिहायची त्याची पुण्यातली संपादक चारुशीला. तिने त्याचं सदरच करून टाकलं. बर्डीच्या बाजारातल्या दुकानात पाच वर्षं मोबाइल उघडून दुरुस्त करणाऱ्या, लग्न दोनदा जमता जमता राहिलेल्या या छत्तीस वर्षांच्या बाईच्या शब्दावर लोक वीस-पंचवीस हजारांचं यंत्र घेऊ लागले. तिच्या कामाला नियम एकच होता. तीस मिनिटं म्हणजे तीस मिनिटं, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की यंत्र निवतं आणि आधीचं सगळं मातीत जातं.

गेल्या वर्षीच्या मेमध्ये, एका बुधवारी, ती अशीच खेळत होती. आई, अंजनाबाई, पारशिवनीला बहिणीकडे गेली होती. वडील गोपाळराव कूलरची खस आणायला स्कूटरवर इतवारीच्या बाजारात गेले होते. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, उन्हाला काय भीक घालणार! दीडच्या सुमारास ते परत आले, स्कूटर लावली, समोरच्या खोलीतल्या दिवाणावर बसले आणि बंद दाराकडे पाहून म्हणाले, "मोना, पाणी आण वं जरा. गरगरून राहिलं."

मोनालीचं बारावं मिनिट चालू होतं. दोन्ही अंगठे काचेवर होते.

"बाबा, मटक्यातलं घ्या ना. अठरा मिनिटं राहिली."

"हो, हो. कर तू," ते म्हणाले.

अठरा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा ते दिवाणावर आडवे होते. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. शेजारच्या रुपरावांनी ऑटो आणला. दवाखान्यात डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाइन लावलं, आणि संध्याकाळी साडेसहाला संपलं म्हणून सांगितलं.

आई पारशिवनीहून धावत आली. "कसं झालं वं?" तिने विचारलं. मोनाली म्हणाली, "आल्याआल्या पडले."

ती खोटं बोलली ते एवढंच. तीन शब्दसुद्धा नाहीत. पण खोट्याची गंमत अशी असते की ते बोलणाऱ्यापाशी गप्प बसून राहत नाही. अंजनाबाईंनी त्या दोन शब्दांवरून आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या तासाचं चित्र उभं केलं. इतवारीपासून डोक्यावर ऊन घेत, चक्कर येत असताना, कुठेही न थांबता स्कूटर दामटत आलेला माणूस. मग त्या त्याच्यावर रागावल्या, आणि तो राग काही उतरेना. भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायच्या, "हेकट माणूस. झाडाखाली पाच मिनिटं टेकला असता तं का बिघडलं असतं? रसवंती होती, पानठेले होते. थांबाचंच नाही म्हटल्यावर का करन कोणी?" गोपाळरावांच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या नातेवाइकांनाही त्यांनी हेच ऐकवलं. लोक मान हलवायचे. गोपाळराव होतेच तसे, असं म्हणायचे.

मोनाली त्या दिवशी पंगतीत भात वाढत होती. तिने ऐकलं आणि पुढच्या पानाकडे गेली. एका वाक्यात बाप या आरोपातून सुटला असता. ते वाक्य तिला रोज आठवायचं आणि रोज ती ते बोलायची नाही. रडूही येत नव्हतं. बायका म्हणाल्या, मोठी धीराची पोरगी आहे. धीर कसला डोंबलाचा! दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ असतो ना, आहे पण आपला वाटत नाही, तशी ती वर्षभर होती. जेवायची, झोपायची, टॅबलेट तपासायची. लेखात 'धाप' हा शब्द तिने त्याच हाताने किती वेळा लिहिला, आणि हात एकदाही थांबला नाही.

यंदाच्या मेमध्ये दोन नवे टॅबलेट आले. एकाचं कव्हर निळं, एकाचं काळं. कंपन्यांची नावं इथे घेत नाही, त्यांची भांडणं त्यांना लखलाभ. किंमत जवळपास सारखी, दोघांचीही जाहिरात 'थांबणारच नाही' छापाची. चारुशीलाला निकाल हवा होता: गेमसाठी कोणता?

आधी मोनाली दोन्हींवर तोच गेम खेळली. निळ्याला अकराव्या मिनिटाला धाप लागली, काळ्याला नवव्या. मग दुसरी चाचणी. यात खेळायचं नसतं. डोंगर, पाणी, धूर, स्फोट असला एकच देखावा यंत्र पुन्हा पुन्हा रंगवत राहतं, अर्धा तास, आणि दर फेरीचे मार्क स्वतःच मांडतं. कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसत राहतो. टॅबलेट टेबलावर सपाट ठेवायचा, हात लावायचा नाही. तेवढ्यात मोनाली अंघोळ उरकायची. निळ्याच्या वेळी अंजनाबाई बुद्धविहारात गेल्या होत्या. काळ्याच्या वेळी त्या घरी होत्या.

निळ्याचे मार्क निम्म्यावर आले. काळ्याचे उतरलेच नाहीत.

एरवीची मोनाली असती तर तिला तिथेच खटकलं असतं. जो गेममध्ये नवव्या मिनिटाला धापा टाकतो तो इथे अर्धा तास तरतरीत कसा? तिने तीनदा तपासलं असतं, बॅटरी बघितली असती, चारुशीलाचं डोकं खाल्लं असतं. या वर्षीच्या मोनालीने दिसलं ते उतरवून घेतलं आणि पाठवून दिलं. चारुशीलाने दुसऱ्या चाचणीवरूनच मथळा दिला, 'नागपूरच्या उन्हातही धाप न लागणारा'. लोकांनी भराभर वाचलं.

आठवडाभरात चंद्रपूरच्या एका मास्तरांनी लिहिलं, 'ताई, तुमच्या भरवशावर काळा घेतला. तो आठ मिनिटांत बसतो.' मग दुसऱ्याने, मग सातआठ जणांनी. कंपनीकडून पैसे खाल्ले, असंही कुणी म्हणालं. चारुशीलाचा फोन आला.

"मोनाली, लोक तुझं नाव बघून घेतात गं. आज पुन्हा तपास आणि संध्याकाळपर्यंत काय चुकलं ते सांग. नाही सापडलं तर हे सदर मला बंद करावं लागेल."

"बरं," मोनाली म्हणाली. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही.

दुपारी दीडला तिने कूलर बंद केला, काळा टॅबलेट टेबलावर ठेवला, चाचणी लावली आणि बाहेर आली. समोरच्या खोलीत दिवाणावर ती बसत नसे. खुर्चीवर बसली. दहा मिनिटं गेली. आतल्या खोलीला स्वयंपाकघरातूनही दार आहे, आणि त्या दाराची कडी वाजल्यासारखं वाटलं. ती उठून आत गेली.

अंजनाबाई टेबलाशी वाकल्या होत्या. एका हाताने टॅबलेट अलगद उचलून धरला होता आणि दुसऱ्या हाताने त्याच्याखाली ओला फडका पसरत होत्या. फडका घट्ट पिळलेला होता, चार पदरी घडी घातलेला, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"आई, का करून राहिली तू?"

"पंचेचाळीस झालं होतं वं," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "तुही पाटी लय तापून राहिली होती. अंदर पाणी नाही जात, चांगला पिळला मी. मागच्या वेळीबी ठेवला होता. अडतीसवरच राहिलं, तू याच्या आंधी काढून घेतला."

आठवडाभराचं कोडं एका फडक्यात सुटलं होतं, आणि मोनालीला हसूही आलं नाही, रागही आला नाही.

"त्याले काही नाही होत आई," ती म्हणाली. "तापला का तो स्वतःच काम कमी करते. मंदावते. मंग गरमी वाढत नाही."

"आपल्या मनानं?"

"हो. त्यालेच मी धाप म्हणतो लेखात."

अंजनाबाईंनी टॅबलेटकडे पाहिलं. पडद्यावर डोंगरामागून धूर निघत होता.

"अन् धाप लागली का तू त्याचे मार्क कापते?"

"हो."

"काहून वं? जीव सांभाळून राहिला ना तो!"

इतक्या वर्षांत एकाही वाचकाने मोनालीला हा प्रश्न विचारला नव्हता.

अंजनाबाई फडका हातात घेऊन खाटेच्या कडेला टेकल्या. "मशीनीले समजते," त्या म्हणाल्या. "तुह्या बापाले नाही समजलं. धाप लागली तं बसाव ना माणसानं. कोणाले पाणी मागाव. इतवारीपासून तसाच आला मरत मरत, हेकट. अन् आकडा तं नसते ना माणसाच्या अंगावर, का दिसला कोणाले अन् ठेवला फडका." त्यांचा आवाज चढला नाही, रोजचाच होता. वर्षभर भाजी निवडताना असायचा तोच.

मोनालीच्या मागे चाचणी चालू होती. तिने वळून ती बंद केली. मध्येच.

"बसले होते आई," ती म्हणाली.

"कोण?"

"बाबा. आल्याआल्या नाही पडले. स्कूटर लावली, अंदर आले, दिवाणावर बसले. मले म्हणाले, पाणी आण, गरगरून राहिलं. मी गेम खेळून राहिली होती. म्हटलं मटक्यातलं घ्या."

अंजनाबाईंच्या हातातला फडका तसाच राहिला.

"घेतलं त्यानं?"

"माहीत नाही. मी बाहेर आलीच नाही."

"का म्हणाला तो?"

"हो हो, कर तू, म्हणाले."

"कितीक वेळ?"

"अठरा मिनिटं." आकडा विचारला की बरोबर सांगायची तिला सवय होती. सांगून झाल्यावर तो तिने स्वतःच्या कानांनी ऐकला.

कूलर बंद होता, खोलीत हवा हलत नव्हती. मोनालीच्या पाठीवरून घाम उतरत होता आणि ती तशीच उभी होती.

"म्हणजे थांबला होता तो," अंजनाबाई शेवटी म्हणाल्या. "घरी येऊन बसला. पाणीबी मागितलं." त्यांनी तोंडावर पदर धरला. "सारं बरोबर केलं वं त्यानं. अन् मी वर्षभर त्याले हेकट म्हणून राहिली. लोकायले सांगून राहिली."

"चूक माही आहे, आई."

यावर अंजनाबाईंनी 'नाही' म्हटलं नाही. 'तुले का माहीत होतं पोरी' असंही म्हटलं नाही. मोनाली त्याच शब्दांची वाट पाहत होती, हे तिला ते आले नाहीत तेव्हा कळलं. अंजनाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच थांबल्या.

"मले आज काही बोलता येत नाही तुह्यासंग," त्या म्हणाल्या. "आज मी त्याच्याशी बोलतो. तुह्याशी उद्या बोलीन."

आणि त्या समोरच्या खोलीत, त्या दिवाणापाशी गेल्या.

मोनालीने चारुशीलाला लिहिलं, 'काळ्याची चाचणी चुकीची होती. ती चालू असताना माझ्या आईने त्याच्याखाली ओला फडका ठेवला होता. काळ्याला नवव्या मिनिटाला धाप लागते. निळा घ्यावा. ज्यांनी माझ्या भरवशावर काळा घेतला त्यांची मी माफी मागते.' दोन मिनिटांत चारुशीलाचा फोन आला. "अगं, फडका काय लिहितेस! लोक हसतील. काहीतरी तांत्रिक कारण दे ना."

"तसंच छाप," मोनाली म्हणाली आणि फोन ठेवला. बाहेरून आईचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते, मध्येच एक हुंदका. मोनाली खाली फरशीवर बसली. उद्या आई काय म्हणेल, ते तिला माहीत नव्हतं. वर्षभरात तिला कशाचीच भीती वाटली नव्हती. आता उद्याची वाटत होती.