मोक्षाच्या आड आलेला सर्जन

माणसं काशीला मरायला येतात, आणि आमचे हे काशीत माणसं वाचवायला बसले होते. लग्न ठरवताना ही अडचण माझ्या वडिलांच्या ध्यानातच आली नाही. मुलगा विलायतेहून सर्जन होऊन आलाय, कर्करोगाच्या गाठी काढण्यात त्याचा हात बसलाय, एवढं ऐकूनच ते हुरळून गेले. असा जावई मुंबईत बंगला बांधेल असं त्यांना वाटलं असावं. ह्यांनी बिऱ्हाड थाटलं ते बालाजी घाटाजवळच्या आपल्या वाडवडिलांच्या घरात, आणि नोकरी धरली वरुणा नदीच्या पलीकडच्या सरकारी इस्पितळात.

"माझ्या गावातले लोक दिवसभर पान-तंबाखू चघळतात. मी मुंबईत जाऊन काय करू?" हे विचारत. म्हणणं बरोबर होतं, पण त्यापायी माझी किती पंचाईत व्हायची ते विचारू नका. लग्नाच्या पंगतीत कोणी मोकळेपणी हसलं, की ह्यांचं लक्ष जिलबीवरून उडून त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला जाई. "जरा जीभ वर करा बघू," असं म्हणत हे भर पंगतीत उठत. दशाश्वमेधावरचे पंडे एरवी अख्ख्या गावाला हाका मारतात, पण हे लांबून दिसले की घट्ट तोंड मिटून गंगेकडे बघत बसत. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार!

रोग्यांशी वागायच्या ह्यांच्या काही खोडी होत्या. थंडीत रोग्याला हात लावायच्या आधी हे बोरसीवर, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या शेगडीवर, हात शेकून घेत. गार हात लागला की माणूस आधी घाबरतो आणि मग ऐकतो, असं त्यांचं मत होतं. रोगाचं नाव सांगायच्या आधी उपाय सांगत. आणि खोटं वचन म्हणून कुणाला देत नसत. पहिल्या दोन खोडींचं मला कौतुक होतं. तिसरीने मात्र एकदा माझा जीव अर्धा केला.

ह्यांना लहानाचं मोठं केलं ते आत्याबाईंनी. त्या ह्यांच्या वडिलांच्या बहीण. अकाली विधवा झाल्या, काशीला आल्या, आणि त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही. आत मेलं तर मोक्ष. बाहेर, विशेषतः गंगेच्या पलीकडच्या काठावर मेलं, तर गाढवाचा जन्म, असं आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आत्याबाईंची हद्द उत्तरेला वरुणा नदीशी संपत असे. शास्त्री लोक ती हद्द पुष्कळ पुढे नेतात, पण आत्याबाईंचा शास्त्र्यांवर विश्वास नव्हता. नावेत बसल्या तरी मध्यधारेच्या अलीकडेच मल्लाहाला नाव वळवायला लावत. ह्यांचं इस्पितळ बघायला त्या कधी गेल्या नाहीत. "तुझं दुकान गाढवांच्या मुलखात," असं म्हणून ह्यांना चिडवत मात्र असत.

एका दिवाळीत अभ्यंगाला मी त्यांना तेल लावत होते, तेव्हा छातीवरची गाठ माझ्या हाताला लागली. दगडासारखी. माझा हात थांबला तसा त्यांनी झटकन पदर ओढून घेतला.

"चुपचाप तेल लाव. विश्वनाथाचं बोलावणं आलंय. कुणाला सांगायची जरूरत नाही."

हे बोलताना त्यांचा चेहरा काय खुलला होता! मी त्यांच्या अंगावर पाणी घातलं, पायाशी चिराटं फोडलं, आणि सरळ जाऊन ह्यांना सांगून टाकलं. चहाडी म्हणा हवं तर. मला तिचं तिळमात्र वाईट वाटलं नाही.

ह्यांनी बोरसीवर हात शेकले, बराच वेळ शेकले, आणि आत्याबाईंपुढे खाली जमिनीवर बसले. गाठ पाहिली, काखेत चाचपलं. मग आधी उपाय सांगितला आणि मागाहून नाव. आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कापणार कुठे?"

"इस्पितळात."

"म्हणजे वरुणेपलीकडे. तिथं मी मरणार नाही असं वचन देतोस?"

दारामागे उभी राहून मी देवाचा धावा करत होते. म्हणा हो म्हणून! एक शब्द खोटा बोललात तर काय आभाळ कोसळणार आहे?

"नाही देता येत, आत्या," हे म्हणाले.

"मग बात खतम," म्हणून आत्याबाई जपाची माळ घेऊन बसल्या.

त्या रात्री मी ह्यांना वाढलं ते ताट आदळूनच. एवढी विलायत बघून आलेल्या माणसाला घरातल्या म्हातारीपुढे एक थाप मारता येऊ नये! ह्यांनी वरणभात नुसता चिवडला. ताटावरून उठताना म्हणाले, "ती पलीकडे येत नसेल तर इस्पितळ अलीकडे आणू."

आणि खरंच आणलं. इस्पितळाचे साहेब ह्यांना वेडे म्हणाले आणि वर हत्यारांची पेटी देऊन मोकळे झाले. वरची खोली चुन्याने पांढरी केली, दाराची फळी काढून दोन पेट्यांवर टाकली, बंबात चादरी उकळल्या. धुतलेल्या हातांनी कशालाही शिवायचं नाही, शिवलं तर पुन्हा धुवायचं, असे ह्यांचे हुकूम सुटू लागले तशी आत्याबाईंची कळी खुलली. हे तर सोवळं! आणि सोवळ्यात त्यांना कोण हरवणार? क्लोरोफॉर्म द्यायला आलेल्या बंगाली डॉक्टरांचा कोट दाराला नुसता घासला, तर त्यांनी त्या बिचाऱ्यांना दोनदा परत नळावर पाठवलं.

फळीवर चढायच्या आधी त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. एक, सूर्याला अर्घ्य द्यायला हात वर जाईल का. हे म्हणाले, "मी अर्धा नेऊन देईन, पुढचा तू न्यायचास." दुसरं, जीव जातोय असं दिसलं तर तोंडात गंगाजल नि तुळशीपत्र पडेल ना?

"ते वचन देतो. तुझ्या मोक्षाच्या आड मी येणार नाही," हे म्हणाले.

गंगाजलाची लोटी आणि तुळशीचं पान घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. हे कापत होते, आणि मी ह्यांच्या कपाळाकडे टक लावून होते. लोटी लागायची वेळ आली तर ती तिथं आधी दिसेल असं वाटत होतं. ती वेळ आली नाही. शेवटचा टाका पडला तेव्हा पान माझ्या मुठीत पार चुरगळून गेलं होतं. ते पाणी मी तुळशीलाच घातलं आणि तिथंच बसून हमसून हमसून रडले.

आत्याबाई जगल्या, आणि जगल्याबद्दल वर्षभर ह्यांच्यावर रुसल्या. "बोलावणं आलं होतं, ह्याने परत पाठवलं," असं घाटावर सांगत फिरत. पण हात वर जावा म्हणून रोज भिंतीला बोटं टेकवून ती वर वर चालवत. पुढच्या मकरसंक्रांतीला त्यांनी गंगेत उभं राहून दोन्ही हातांनी पुरतं अर्घ्य दिलं. ते संकठा घाटाजवळच्या एका भटजींच्या सुनेने पाहिलं. तिलाही गाठ होती. पुरुष डॉक्टरला दाखवायची नाही म्हणून हट्टाला पेटली होती. शिवाय लक्षणं ऐकून ह्यांना वाटत होतं की तिला गाठ जाळायचं रेडियम द्यावं लागेल, आणि ते काही पेटीत घालून घरी आणता येत नव्हतं. ती म्हणाली, "आत्याबाई माझ्याजवळ बसणार असतील तरच जाईन."

आत्याबाई दिवसभर माळ ओढत बसल्या. दुसऱ्या दिवशी स्नान करून आल्या आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, इक्का मागव."

"अहो, पण तुमचा क्षेत्रसंन्यास?"

"पोरीची मुलं लहान आहेत. माझं काय? गाढव झाले तर तुझ्या दारात येऊन उभी राहीन. चारा घाल म्हणजे झालं."

इक्क्याचं घोडं वरुणेच्या पुलावर चढलं तसे त्यांनी डोळे गच्च मिटले आणि माझा हात इतका दाबला की माझी बांगडी पिचली. पलीकडे पोचल्यावर एक डोळा उघडून म्हणाल्या, "इथंही तसलीच धूळ आहे की गं!"

मग तो पूल त्यांच्या पायाखालचा झाला. कुणी बाई घाबरली की हे घरी निरोप धाडत, आणि आत्याबाई इक्क्यात बसत. बायांना सांगत, "ह्याचे हात गरम असतात, फिकर नको." मोक्षाची चिंता सुटली होती असं नाही. घरी आल्या की आधी न्हाऊन घेत आणि मगच पाणी पीत.

एका हिवाळ्यात त्या अशाच एका मुलीला ऑपरेशनला आत पाठवून बाहेर बाकावर बसल्या होत्या. छातीत कळ आली. नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली, तर आत्याबाईंनी तिचा पदर धरला. पुढचं मला नर्सनेच सांगितलं. ती म्हणाली होती, "माई, इक्का उभा आहे, पूल जवळ आहे, तुम्हाला पलीकडे काशीत नेते." पण इक्क्यात घालायचं तर ह्यांना सांगणं आलं, आणि सांगितलं असतं तर हे हातातलं टाकून धावत आले असते. आत्याबाई म्हणाल्या, "तिला अर्धी उघडी ठेवून त्याला बाहेर आणू नकोस. बैस इथंच."

मुलगी वाचली. हे हात धुऊन बाहेर आले, तेव्हा आत्याबाईंनी बाकावरच प्राण सोडला होता. त्यांच्या तोंडात गंगाजल पडलं नव्हतं. ह्यांनी उभ्या जन्मात मोडलेलं वचन ते एकच, आणि ते मोडलं तेही आत्याबाईंनीच.

हे मणिकर्णिकेवर आत्याबाईंना अग्नी देऊन आले. काही दिवसांनी एका सकाळी हे इस्पितळात निघाले, मी दारापर्यंत गेले. गल्लीच्या तोंडाशी धोब्याच्या गाढवाचं एक शिंगरू उभं होतं, पाठीवर ओझं नसलेलं, अगदी कोवळं. हे थांबले. ह्यांचा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. इकडे तिकडे बघितलं, हात एकमेकांवर चोळून गरम केले, आणि त्याच्या कपाळावर ठेवले.

मी आत जाऊन चारा शोधू लागले.