शिडवाल्याचा डबा

बंदरावर सगळे त्याला शिडवाला म्हणत. तीस वर्षं जाड कापडाची शिडं शिवता शिवता त्याला शब्दांचं मूळ शोधायचा नाद लागला. परक्या बोटीवरचा खलाशी फाटलं शीड घेऊन आला, की हा सुई थांबवून विचारायचा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" बादली, चावी, पगार ही आपली रोजची मंडळी पोर्तुगीज गलबतांतून उतरली, बंदर फारसीतून आलं, हे त्याने एकही पुस्तक न उघडता जमवलं होतं. नियम एकच. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या बोटींवरच्या दोघांनी तेच सांगितलं, तरच चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात जायची, आणि खाली दोन्ही बोटींची नावं.

आणि मिरवणार कोण? तर साडू! शाळेत मास्तर, कडक इस्त्रीचा सदरा, वर देवाने आवाजही असा दिलेला की हजेरी घेतली तरी ऐकत राहावं. वाचनालयात शब्दांवर त्यांचं व्याख्यान ठरलं आणि मास्तर डबा मागायला आले. शिडवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, ताईचे मिस्टर आहेत, द्या की," बायको म्हणाली.

दिला त्याने. पण त्याआधी सुकाणूची खरी चिठ्ठी काढून खिशात घातली आणि जागी दुसरी ठेवली: 'सुका नावाच्या बेटावर पहिल्यांदा बनलं, म्हणून सुकाणू.' खाली खोट्या बोटी लिहायला मात्र हात धजेना. भर सभेत मास्तरांचं हसं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

व्याख्यानाला तो मागच्या बाकावर बसला. शब्दाशब्दाला टाळ्या पडत होत्या आणि याचा जीव जळत होता. आपले शब्द, आपले खलाशी, आणि टाळ्या त्या सदऱ्याला! एकदाचं सुकाणू आलं. मास्तरांनी बेट सांगितलं आणि पुढच्या रांगेतला म्हातारा तांडेल उठलाच.

"काहीतरीच काय! उभा जन्म सुकाणू धरलंय मी. अरब खलाशी त्याला सुक्कान म्हणतात, आपलं तिथूनच आलंय. हे बेट कुठून काढलंत?"

सभा खदखदून हसली. मास्तर लाल झाले. शिडवाल्याच्या जिवाला गार गार वाटलं, खोटं कशाला बोला.

मास्तरांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "चूक माझी आहे. हे सगळे शब्द माझ्या साडूंनी जमवलेत, ते बघा, मागे बसलेत. त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीवर दोन बोटींची नावं असतात. हिच्यावर नव्हती, तेव्हा मी विचारायला हवं होतं. पण म्हटलं, ते कधी चुकत नाहीत."

सगळ्या माना मागे वळल्या. टाळ्या सुरू झाल्या, तीस वर्षं मनात वाजत होत्या त्याच. तांडेल डोळे बारीक करून बघत राहिला.

"अरे, तू होय! सुक्कान तर मीच सांगितलं होतं तुला. माझ्या बोटीचं नावसुद्धा लिहिलं होतंस माझ्यासमोर."

शिडवाला उठला. व्यासपीठापर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला. खिशातली चिठ्ठी त्याने मास्तरांच्या हातात दिली.

"ही खरी. ती दुसरी मी मुद्दाम घातली."

टाळ्या थांबल्या. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि खरी चिठ्ठी वाचली, तांडेलाच्या बोटीच्या नावासकट, सावकाश, खणखणीत. मेल्याने वाचलीही इतकी सुंदर, की शिडवाल्याचे डोळे भरून आले, आणि तरीही तो जळलाच.