बडग्याच्या पाठीतली हॉकी

शाळेच्या हॉकी संघात माझी निवड झाली ती माझ्या आत्यामुळे, आणि हॉकीत चेंडू कुठे मारायचा असतो हे आत्याला कधीच कळलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरला इतवारीत राहायचो. मी नववीत, अंगानं गोलमटोल, आणि पळायचा मनापासून कंटाळा. (हॉकीत पळावं लागतं हे मला नाव दिल्यावर कळलं!) पण मामाची जुनी हॉकी हाती आली आणि मी त्या खेळापायी वेडी झाले. हॉकी मधोमध तडकलेली होती; तिला सायकलची ट्यूब आणि वर चिंध्या गुंडाळल्या होत्या. दोनदा निवड चाचणीत मी बाद झाले, तेव्हा गिरणीतून दमून आलेल्या बाबांनी सुनावलं, "या खेपेले नाव आलं तं ठीक. नाही तं हॉकी बंद आन् शिवणक्लास चालू!"

शिवणक्लासचं नुसतं नाव निघालं की मी हॉकी उचलून अंगणात सरावाला लागायचे.

त्या वर्षीची चाचणी नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. त्या दिवशी आमच्याकडे मारबत आणि बडगे, म्हणजे इडा पिडा घालवायचे पुतळे, निघतात. मोठ्या मिरवणुकीचा थाट वेगळाच, पण गल्लोगल्लीची पोरंही गवताचे, चिंध्यांचे छोटे बडगे करतात. वर्षभराची रोगराई त्या पुतळ्याच्या माथी मारायची, घरातली मोडकी अडगळ त्यालाच बांधायची आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचं. आमच्या गल्लीचा बडग्या निघाला तेव्हा दारात उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" वर आत्याला म्हटलं, "यंदा बडग्याची पाठ कशी ताठ हाय, नाही वं आत्या?"

जेवण झालं आणि मी चाचणीसाठी हॉकी शोधायला लागले.

"आत्या, माही हॉकी कुठी हाय?"

"कोनती? ते चिंध्यायचं लाकूड?" आत्या सुपारी कातरत म्हणाली. "पोरायले देलं ना! बडग्या सारखा वाकून राहिला होता."

मी अनवाणीच सुटले! नाल्याकाठी पोचले तर बडग्याच्या पायांना आग लागलेली. मी त्याच्या पाठीत हात घातला आणि हॉकी उपसली. बडग्या बिचारा कमरेत मोडून खाली बसला. पोरं टाळ्या वाजवायची थांबली. एवढ्यात मागून धापा टाकत आत्या आली आणि किंचाळली, "अवं सुमे, टाक ते! वर्षाची पिडा वापस घरी आणून राहिली का वं?"

मग सगळ्यांनाच उमगलं. "पकडा गा तिले! मोहल्ल्यात घुसू देऊ नका!"

घराची वाट बंद झाली. उरली ती शाळेची. पुढे धुराची रेघ सोडणारी हॉकी घेऊन मी, मागे लुगडं खोचून आत्या आणि तिच्यामागे अख्खा मोहल्ला!

मैदानात हॉकीचे सर शिट्टी तोंडात धरून उभे होते. ते नुकतेच सोलापूरकडून बदलून आले होते. मला पळताना पाहून त्यांच्या तोंडातली शिट्टी पडली. त्यांनी मला थेट खेळायला उतरवलं. मोहल्ला कडेला थांबला, पण आत्या कुठली गप्प बसते!

"पोरीहो, तिच्या लाकडाले शिवू नका! साऱ्या गल्लीचा खासी-खोकला हाय त्याच्यात!"

पोरी नागपूरच्याच. मी चेंडू घेऊन निघाले की समोरची पोरगी अदबीनं बाजूला व्हायची. गोलरक्षक तर जाळं सोडून खांबामागे जाऊन उभी राहिली. मी गोलावर गोल केले! सरांना मारबत-बडगे ठाऊक नव्हते, वऱ्हाडी ओरडाही काही कळला नाही. ते म्हणाले, "बचाव असा फोडणारी मुलगी मी पाहिली नाही," आणि माझं नाव पहिलं लिहिलं.

जळकी हॉकी आत्यानं त्याच संध्याकाळी नाल्याकाठी पोचवली. बाबांनी शब्द पाळला, वर नवी हॉकीही आणली. कामठीच्या पोरींशी पहिला सामना झाला. नव्या हॉकीला कोण भिणार? चेंडूची आणि माझी गाठच पडेना. सर हैराण! "अगं, तो वेग गेला कुठे?"

मध्यंतरानंतर बाबा आत्याला घेऊन आले. तिनं कडेवरून आरोळी ठोकली, "पळ वं सुमे!" आणि माझे पाय मला न विचारता सुटले. त्यानंतर प्रत्येक सामन्याला सर आत्यासाठी खुर्ची मांडून ठेवू लागले. पळून पळून माझं वजन उतरलं, दम वाढला, हळूहळू खेळही जमू लागला. पळणं मला आवडतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आत्याच्या त्या आरोळीची आजही फार आठवण येते.

आता माझे गुडघे कुरकुरतात. परवा डॉक्टर म्हणाले, "रोज भरभर चालत जा."

मी म्हटलं, "डॉक्टर, लुगडं खोचून मागे धावणारी एक आत्या तेवढी लिहून द्या. सारं नागपूर पळून दाखवते!"

त्यांनी गुडघ्यांच्या गोळ्यांच्या खाली, "डोक्याला जरा आराम" म्हणत, झोपेचीही एक गोळी लिहून दिली.