जालना आलं का?

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे त्रिंबकराव, जालन्याच्या भंगार बाजारात शिरले की दुकानदार एकमेकांना खुणा करत. दाजी ढिगापुढे उकिडवे बसत. गंजलेले नट, पट्ट्या, दांडे एकेक करून बाहेर काढत, डोळे मिटून बोटांनी चाचपत आणि परत टाकत. "हे आपल्या गाडीचं न्हाई, रायभान," असं मला सांगत. मी जन्माचा तापट माणूस. उन्हात उभं राहून माझं डोकं फिरायचं, पण त्यांना एकटं सोडू नको अशी आईची सक्त ताकीद होती.

आपली गाडी म्हणे! गाडी होती वाटूरच्या काकासाहेबांची. काकासाहेब आमच्याकडचे मोठे जमीनदार. हैदराबादच्या कुठल्याशा नवाबानं वापरून टाकलेली मोटार त्यांनी आणली, तेव्हा सारं गाव वेशीवर गोळा झालं होतं. मोटारीच्या नाकावर पाणी भरायचं एक तोंड होतं. त्याच्या पितळी टोपणावर पंख पसरलेली एक बाई उभी होती. दाजी आष्टीचे, बाप मेंढरं राखायचा. पण पोराचा हात यंत्रावर असा बसला की काकासाहेबांनी त्याला ड्रायव्हर करून वाटूरलाच ठेवलं. पुढे आमची कडूबाई त्यांना दिली. दाजी त्या पितळेच्या बाईला रोज चिंच लावून घासत. एकदा ती हातातून निसटली आणि तिच्या डाव्या पंखाचं टोक मोडलं, तर त्या दिवशी ते जेवले नाहीत.

कडूबाईचं एकच टुमणं असे, "एकडाव तरी बसवा की मोटारीत." दाजी म्हणत, "मालकाची हाय, कडू. मालक म्हणल्याबिगर कसं बसवू?"

मालक म्हणाले, पण कसल्या वेळी! भादव्यात, महालक्ष्म्या नुकत्या उठल्या होत्या, तेव्हा कडूबाई अडली. पहिलंच बाळंतपण. सुईणीनं हात टेकले. काकासाहेब स्वतः दारात येऊन म्हणाले, "त्रिंबक, मोटार काढ, जालन्याच्या दवाखान्यात ने." मागच्या गादीवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून कडूबाई निजली. वाटेत ती सारखी विचारत होती, "जालना आलं का?" आणि दाजी पाठमोरेच म्हणत होते, "आलंच बघ, आलंच."

जालना कुठलं यायला? गावाबाहेरच्या ओढ्यात मोटार मधोमध खोकून बंद पडली. दाजी उतरून हँडल मारत होते, पाणी गुडघ्याला होतं. वरच्या अंगाला पाऊस झालेला कुणाला ठाऊक! लोंढा आला आणि मोटार उचलून घेऊन गेला. आई एका बाभळीला अडकून वाचली, दाजी काठावर फेकले गेले. मोटार पुढे वाळूत रुतलेली सापडली. कडूबाई सापडलीच नाही.

आम्ही पळसाच्या पानांची कडूबाई केली आणि तिला अग्नी दिला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. बापानं सांगून पाहिलं, आईनं सांगून पाहिलं, मी काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. शेवटी दाजी पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "कडू, ह्याच मोटारीत बसवून तुला जालन्याला नेतो." कावळा झपकन खाली उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र मनात कपाळावर हात मारला. नुसतं "मोटारीत" म्हणाले असते तर कुणाचीही मोटार मागून आणता आली असती. या माणसानं "ह्याच" म्हटलं, आणि त्या एका शब्दानं जन्मभर बांधला गेला.

कारण तोवर काकासाहेबांनी मोटारीचा सांगाडा भंगारात फुंकून टाकला होता. नाव काढलं तरी त्यांना सहन होत नव्हतं. भंगारवाल्यानं ती मोकळी करून दाही दिशांना पांगवली. इंजिन एका मळ्यात पाणी ओढायला गेलं, भोंगा एका तमाशाच्या फडात गेला, दिवे आणखी कुठे. आणि दाजी एकेक तुकडा हुडकत फिरू लागले. इंजिनासाठी त्या मळेवाल्याच्या पाया पडले, भोंग्यासाठी फडाबरोबर जत्रा पालथ्या घातल्या. एका साली मला हैदराबादच्या नुमाइशीला, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला, घेऊन गेले. तिथं नवाब-जहागीरदारांच्या मोटारी ओळीनं लागलेल्या. लोक चकचकीत रंग बघत होते आणि आमचे दाजी एका जुन्या मोटारीखाली उताणे. पहारेकऱ्यानं पाय धरून ओढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी धूळ झटकत हसले, "दिवे घावले, रायभान. आपलेच हायती." त्या दिव्यांसाठी ते एक अख्खा हिवाळा त्या जहागीरदाराच्या मोटारी धूत राहिले.

दुसरं लग्न करा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. दाजी भिंतीला पाठ लावल्याशिवाय जेवायला बसत नसत. बैलगाडीत मागे कुणी नसलं तरी मधेच मान वळवत. एकदा मी चिडून विचारलं, "काय बघता हो मागं?"

"विचारून राह्यली," ते म्हणाले.

"काय?"

"जालना आलं का म्हणून."

त्यानंतर त्यांच्यापुढे चालताना मलाही माझी पाठ उघडी वाटायला लागली. याचा मला त्यांच्याहून जास्त राग आला.

मोटार उभी राहत आली. छपरात ती उभी असे, नाकाच्या तोंडात बाभळीच्या लाकडाचा बूच ठोकलेला. राहिलं होतं फक्त ते टोपण. त्यासाठी दाजींनी औरंगाबाद पाहिलं, सिकंदराबाद पाहिलं. अशात माझी बायको सोनूबाई गरवार राहिली. खालच्या अंगाच्या वस्तीवर ओढ्याकाठी एक आसरा आहे, पाण्यातली देवी, पोटुशा बायांना सुखरूप सोडवते, असं कुणी सांगितल्यावरून ती ओटी भरून आली. दाजी त्या दिवशी आमच्याकडे जेवत होते.

"अगं बाई, त्या आसरेला पंख हायती," सोनूबाई आईला सांगत होती.

दाजींचा घास हातातच राहिला. "डावा पंख मोडका हाय का?"

"तुमाला कसं ठावं, दाजी?"

ते तसेच खरकट्या हातानं उठले.

करंजाच्या झाडाखाली मातीचा ओटा होता. त्यावर शेंदरानं माखलेली आमची पितळेची बाई. हैदराबादपर्यंत धुंडाळलेली वस्तू घरापासून हाकेच्या अंतरावर उभी! मला हसावं की रडावं कळेना. तिथली पूजा करणारी चतुराबाई म्हातारी पुढे आली. दाजी म्हणाले, "म्हातारे, हे माझ्या मोटारीचं टोपण हाय. ही देवी न्हाई."

चतुराबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजी ती तुझी व्हती?"

"कोण?"

"पुरात आल्ती. पोट तसंच व्हतं. गडीमाणसं म्हणले, हडळ हुईन, पायात खिळे मारा. आमी बाया आडव्या पडलो. हिरव्या बांगड्या भरल्या, वटी भरली, आन हितंच मातीत निजवली. ही पितळंची बाई तिच्याच संगं वाळूत घावली, मंग तिच्या उशाशी बसवली."

"आन सांगितलं न्हाई कुणाला?" मी ओरडलोच.

"पोलिसाचा अमीन आला असता, बाबा. समदी वस्ती बांधून नेली असती."

मी खालीच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. माझी बहीण इथं होती. गावोगावच्या बाया तिला नवस बोलत होत्या आणि आम्ही पळसाची पानं जाळून बसलो होतो. दाजी रडले नाहीत. ओट्याशी वाकून म्हणाले, "मला ती पायजे. वचन दिलंय."

"देवी कुणी देत न्हाई," चतुराबाई म्हणाली. "पन देवी पालखीत बसून निघती आन परत येती. आण तुझी गाडी हितं."

रझाकारांचा धुमाकूळ सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. पेट्रोल कुठून पैदा केलं ते दाजींनाच ठाऊक. ओढा कोरडा ठणठणीत होता. बायांनी शेंदूर खरवडून टोपणाचे आटे मोकळे केले, चतुराबाईनं टोपण आपल्या हातानं फिरवून बसवलं. मागच्या गादीवर खण-नारळ ठेवला. मागे कुणी बसायचं नाही, असं दाजींनी बजावलं होतं. मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो आणि रस्ताभर एकदाही मागे पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, छाती झाली नाही. खड्डा नसतानाही मागची गादी करकरत होती.

दवाखान्याच्या फाटकासमोर दाजींनी मोटार थांबवली. इंजिन चालूच होतं. हात चाकावर, नजर समोर आणि कान मागे. त्यांची मान ताठ झालेली मी पाहिली. तिनं विचारलं होतं.

"सांगा दाजी," मी म्हणालो. "आलं म्हणा. सुटू द्या तिला, तुमीबी सुटा."

त्यांचे ओठ हलले. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं. मग मान न वळवता, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "न्हाई गं, कडू. अजून लांब हाय. तू बस निवांत." आणि त्यांनी मोटार वळवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डोकं फिरलं का तुमचं? ह्याच्यासाठी सारा जन्म घातला आन आता खोटं सांगता?"

"आलं म्हणलो तर उतरून जाईन रे ती," दाजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर ओढा आला, तेव्हा पहिल्यांदा मी मागे वळलो आणि हात लांबवून गादीवरचा नारळ धरून ठेवला, घरंगळू नये म्हणून.