मालक आमच्याकडे राहायला आले

भाड्याच्या खोलीत सामान जमवायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. एक गादी, एक बॅग, एक बादली. पण किस्से जमतातच, त्यांना कुठे कपाट लागतं! आणि गेले दोन महिने तर ते रोजच्या रोज जमतायत, कारण आमचे घरमालक आमच्यातच राहायला आलेत.

आमच्यात म्हणजे मीरा रोडला, शांती नगरमधल्या टू बीएचकेमध्ये. एकेक खोली वेगळी भाड्याने दिलेली. मोठ्या बेडरूममध्ये मी आणि प्रितेश. मी मेडिकलच्या दुकानात काम करतो, तो भाईंदरच्या एका कारखान्याची स्टीलची भांडी विकतो. हॉलमध्ये पार्टिशन टाकून शुक्लाजी, ते क्लासमध्ये गणित शिकवतात. छोटी बेडरूम रिकामी झाली होती आणि नवा कोण येतो याची आम्ही वाट बघत होतो.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात वळकटी घेऊन शिगवण काका. खुद्द मालक! खिशात किल्ली असून त्यांनी बेल वाजवली होती.

प्रितेश घाबरून म्हणाला, "काका, मोठी बेडरूम तुम्ही घ्या ना. आम्ही छोटीत एडजस्ट करतो."

"छे! मोठीचं अ‍ॅग्रीमेंट तुमच्या नावावर आहे. तिथे मी कसा राहणार?"

आणि स्वतःच्या फ्लॅटमधल्या सगळ्यात लहान खोलीत त्यांनी वळकटी उलगडली.

*

हे इथे का आले असतील? आम्हाला दुसरा विषयच उरला नाही. शुक्लाजींचं मत, "बेटे से झगड़ा हुआ होगा." काकांना मुलगी आहे, मुलगा नाही, हे कळल्यावरही त्यांनी मत बदललं नाही. प्रितेशला वाटत होतं, फ्लॅट विकायचाय आणि गिऱ्हाईक बघायला आलेत.

मला नसत्या चौकशा करायची खोडच आहे. मी सरळ विचारलं, "काका, मुक्काम किती दिवस?"

काका खाकरले. चष्मा काढून पुसला. "तेच... एक सांगायचं होतं तुम्हाला."

"बोला ना."

"बाथरूमचा नळ गळतोय."

*

काका पूर्वी एका बस डेपोत कंट्रोलर होते. चार माणसांत एक बाथरूम बघून त्यांचे हात शिवशिवले असणार. तिसऱ्या दिवशी दारावर टाइमटेबल लागलं. शुक्लाजी सहा पन्नास, मी सात पाच, प्रितेश सात वीस. स्वतः काका साडेनऊनंतर, "जादा गाडी" म्हणून.

एकदा प्रितेश आत गाणी म्हणत बसला. बाहेरून काकांचा डेपोतला आवाज आला, "सात वीसची गाडी पंधरा मिनिटं लेट आहे! चालक-वाहकांनी ताबडतोब कंट्रोलरशी संपर्क साधावा!"

प्रितेश डोक्याला साबण घेऊनच बाहेर आला.

*

सोसायटीचा नवा सेक्रेटरी फार कडक. त्याने काकांना लिफ्टपाशी गाठलं. "नये हो? रूम पे रहते हो? टेनंट फॉर्म भरा क्या?"

दुसरा कोणी असता तर भांडला असता. पण नियम म्हटला की काकांना बरं वाटतं. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या फॉर्म भरला. भाडेकरूची सही, शिगवण. मालकाची सही, शिगवण.

सेक्रेटरीने दोन्ही सह्या निरखून बघितल्या. "रिलेटिव हो क्या?"

काका म्हणाले, "हां, बहुत नजदीक के!"

*

मग एका रविवारी आम्ही तिघं किचनमध्ये काकांनी केलेले पोहे खात होतो आणि काका गॅलरीत गावी फोनवर बोलत होते. पलीकडे काकी. गुहागरकडच्या माणसाला फोनवर हळू बोलता येत नाही.

"अगं हो, बारा वर्षं माझ्या आईचं केलंस, एकदाही इथे आली नाहीस. आता ती गेली, तुला आपल्या घरात राहायचंय, मला कळत नाही का? ...सांगितलं ना त्यांना! त्याच दिवशी सांगितलं. सामान बांधतायत ते. ...हो हो, तिघंही."

शुक्लाजींचा चमचा तसाच हातात राहिला.

म्हणजे काका आम्हाला घर सोडायला सांगण्यासाठी आले होते! फोनवर बोलवेना म्हणून समोर आले, आणि समोर तर मुळीच बोलवेना. मला फार वाईट वाटलं, आमच्यासाठी आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी. आपणच उठून "जातो काका" म्हणावं, असंही वाटलं. पण खरं सांगतो, तसं म्हटलं नाही. मीरा रोडला एवढं चांगलं घर सोडवत नाही हो!

*

दुसऱ्या दिवशी काकांनी आम्हाला समोर बसवलं. तिघांना. स्वतः उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"हे बघा, मनात ठेवून चालणार नाही. आज बोलतोच."



काका एकेकाकडे बघत गेले. प्रितेश, शुक्लाजी, मी. मग म्हणाले, "पोह्यांत शेंगदाणे तुम्हाला आवडतात की मी उगाच घालतोय?"

शुक्लाजी घाईघाईने म्हणाले, "डालिए, डालिए!"

*

गेल्या शनिवारी काकी आल्या, न कळवता, भाच्याच्या गाडीने. गेटवरून फोन आला तसे काका पायजम्यावरच खाली धावले. मी तोंडात ब्रश धरून दार उघडलं तर समोर दोघं उभे. काकांचा चेहरा पांढराफटक.

काकी माझ्याकडे बघून थबकल्या. "हे कोण?"

"हे... हे मालक इथले," काका म्हणाले. "आपला फ्लॅट अजून खाली व्हायचाय ना गं, बाजूच्या बिल्डिंगमधला. तोवर यांच्याकडे एक खोली घेतलीय."

मी टूथपेस्टचा फेस गिळला.

काकींनी मला नमस्कार केला. मग हळूहळू घर बघितलं. ओट्यावरून हात फिरवला, किचनची खिडकी उघडून बाहेर बघितलं.

"छान आहे हो तुमची जागा. आमचीही अशीच असेल?"

"अगदी अशीच," काका पंख्याकडे बघत म्हणाले.

"आणि आमच्याकडे राहतात ती माणसं? तुमच्या ओळखीची आहेत?"

"आहेत," मी म्हटलं. "चांगली आहेत. पसारा करतात जरा."

काकी मान हलवून चहाच्या तयारीला लागल्या. साखरेच्या डब्याखाली लाइटबिल होतं. त्यांनी ते उचललं, डोळ्यांपासून लांब धरून वरचं नाव वाचलं. बराच वेळ वाचत होत्या. काका दारातच उभे होते, आत येईनात. काकींनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, बिलाची घडी घातली, आपल्या पर्समध्ये ठेवली आणि गॅस पेटवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मालक, तुम्हाला चहात साखर किती?"