सासऱ्यांचा नेम

माझ्या सासऱ्यांनी कधी नेम धरून फेकली नाही अशी वस्तू या जगात नाही, आणि त्यांचा नेम चुकला असं त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. नागपूरच्या एका शाळेत गणित शिकवण्यात त्यांनी हयात घालवली, पण शाळेत त्यांचं नाव गणितासाठी नव्हतं, खडूसाठी होतं. फळ्याकडे तोंड करून समीकरण लिहिता लिहिता ते अचानक वळत आणि शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या पोट्ट्याच्या कपाळावर, बरोबर दोन भुवयांच्या मधोमध, खडूचा तुकडा टेकवत. ‘टेकवत’ हा त्यांचा शब्द. “मारणं वेगळं, जावईबापू. मारलं की लागते. मी नुसता टेकवत होतो.” आजही त्यांच्याबरोबर नागपुरात बाजारात गेलं, की टक्कल पडलेले, पोट सुटलेले चांगले साहेबलोक भर रस्त्यात वाकून त्यांच्या पाया पडतात आणि उठताना नकळत कपाळ चोळतात.

घरातही तोच प्रकार. किल्ली मागितली की ती हवेतून यायची. शेंगदाणे खायला बसले की प्रत्येक दाणा आधी पंख्याच्या दिशेने जायचा आणि मग तोंडात. आमच्या लग्नात, मंडपाच्या पार त्या टोकाला आचाऱ्याशी हुज्जत घालत असतानाही, त्यांनी टाकलेल्या अक्षता दर ‘सावधान’ला माझ्या डाव्या कानात येऊन पडत होत्या. पुण्याच्या माणसाला अशा स्वागताची सवय नसते. सासूबाई होत्या तेव्हा हे बाजारातून आले की दारातूनच एकेक वांगं ओट्याकडे भिरकावत, आणि सासूबाई एका हाताने फोडणी देत दुसऱ्या हाताने ते झेलत. संसारात इतका एकमेकांवरचा भरवसा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्या गेल्यावर वांगी फेकणं बंद झालं. झेलणारं कोणी राहिलं नव्हतं.

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे ग्रेस मार्क. म्हणजे ते न देण्याची. अख्ख्या नोकरीत त्यांनी एकाही मुलाला फुकटचा अर्धा गुण दिला नाही. मुलांचे बाप येत, आया रडत, एकदा एका नगरसेवकाने घरी संत्र्यांची पेटी पाठवली. सासऱ्यांनी एकेक संत्रं नेम धरून त्याच्या उघड्या जीपमध्ये परत टाकलं. आमची ही नववीत त्यांच्याच वर्गात होती. पासाला पस्तीस लागत, आणि हिला चौतीस पडले. ही दोन दिवस जेवली नाही, सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पण सासरे ढिम्म. “चौतीस म्हणजे चौतीस. बापाच्या घरी पस्तीस होत असतील, तर ते गणित नाही.” हिचा एडिनबरातल्या हॉस्पिटलात आज मोठा हुद्दा आहे, हाताखाली माणसं आहेत, पण ही गोष्ट सांगताना अजून हिचं नाक लाल होतं.

तर असे सासरे गेल्या वर्षी ऑक्टोबरात आमच्याकडे एडिनबराला आले. मागच्या खेपेला त्यांनी आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खालच्या कौन्सिलच्या कचरापेटीत केळ्याची सालं अशी अचूक टाकली होती, की समोरच्या म्हाताऱ्या बाईने टाळ्या वाजवल्या आणि मग कौन्सिलला तक्रार केली. या खेपेला मात्र ते साल घेऊन निमूटपणे जिना उतरून जात. किल्ली मागितली तर उठून हातात आणून देत. शेंगदाणेसुद्धा ते चमच्याने खायला लागले, तेव्हा आमच्या हिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

“बाबा एकटे पडलेत,” ही मला म्हणाली. “आय कान्ट डू धिस एनीमोर. मी नोटीस देते आणि नागपूरला जाते.” सासूबाई गेल्यापासून हिचं हे ठरलेलं वाक्य होतं. बाबांना काही झालं तर मी सगळं सोडून येईन, असं ही त्यांना फोनवर दर आठवड्याला सांगायची. हिला वाटायचं आपण धीर देतोय. सासऱ्यांना ती धमकी वाटायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

नोटीस देण्याआधी एक शेवटचा उपाय म्हणून हिने त्यांच्यासाठी एक ‘एक्सपीरियन्स’ बुक केला. इकडे लोकांना वस्तू देऊन कंटाळा आला, की ते एकमेकांना एक्सपीरियन्स देतात. कोणी बलूनमध्ये बसतं, कोणी चीज बनवायला शिकतं. हिने निवडली बंदूक. शेतावर जायचं, शिकवणारा माणूस शेजारी उभा राहतो, यंत्रातून बशीएवढी मातीची तबकडी आकाशात सुटते आणि आपण ती बंदुकीने फोडायची. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात आपण रायफलने कशी धमाल उडवली, हे सासरे चाळीस वर्षं सांगत आले होते. हिला वाटलं, बाबा आनंदाने उडी मारतील.

बाबांनी विचारलं, “पाऊस असला तर रद्द होते का जी?”

रद्द होत नाही, असं कळल्यावरही ते रोज सकाळी खिडकीशी उभे राहून ढगांकडे आशेने बघत. पण स्कॉटलंडमध्ये पावसाची वाट बघणाऱ्यालाच नेमकं ऊन भेटतं. शनिवार उजाडला तो लखलखीत. शिवाय तो दसरा होता. फोर्थच्या खाडीवरच्या पुलावरून गाडी पलीकडे गेली, तेव्हा सासरे खालचं पाणी बघत एवढंच म्हणाले, “चला, सीमोल्लंघन झालं. आता घरी गेलो तरी चालते.”

शिकवणारी निघाली मोराग नावाची साठीची बाई. पायात चिखलाचे गमबूट, डोक्यावर टोपी आणि मागे एक जाडजूड काळा कुत्रा. तिने आधी नियम सांगितले. बंदुकीला ती देईल तेव्हाच हात लावायचा. तबकडी हवी असेल तेव्हा मोठ्याने ‘पुल’, म्हणजे ‘ओढा’, म्हणायचं. कधीकधी तबकडी यंत्रातून निघतानाच फुटते, तिला म्हणायचं ‘नो बर्ड’. ती हिशेबात धरायची नाही, दुसरी मागायची. सासऱ्यांनी वर्गात बसल्यासारखं सगळं ऐकून घेतलं आणि मग खिशातून हळदी-कुंकवाची डबी काढली.

दसऱ्याला शस्त्राची पूजा केल्याशिवाय शस्त्र हातात घ्यायचं नाही, या मुद्द्यावर ते अडून बसले. माझ्या अंदाजाने त्यांना अजूनही वेळ काढायचा होता. मी मोरागला समजावलं. तिने बंदूक रिकामी करून, उघडून फळीवर ठेवली आणि विचारलं, “इट'ल वाइप ऑफ, विल इट?” हो म्हटल्यावर तिने टोपी काढून हातात धरली. सासऱ्यांनी लाकडी दस्त्याला हळदी-कुंकू वाहिलं, सुपरमार्केटातली गुलाबी शेवंती ठेवली, नमस्कार केला आणि उरलेलं कुंकू कुत्र्याच्या कपाळावर लावलं. ते मात्र बरोबर मधोमध लागलं, कारण कुत्र्याचं डोकं त्यांनी दुसऱ्या हाताने धरलं होतं.

पुढची पायरी होती डोळ्यांची. बंदूक कोणत्या खांद्याला लावायची ते कोणता डोळा जोरकस आहे त्यावर ठरतं, म्हणून इथे प्रत्येकाला तपासतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्या नाकाकडे बोट करा, मोराग म्हणाली. माझं झालं, हिचं झालं. सासऱ्यांच्या बोटाकडे बघून मोरागने मान जरा कलती केली. “नाऊ शट युअर लेफ्ट आय, सर. हाऊ मेनी फिंगर्स?”

शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो प्रश्न परत करतो. “हाऊ मेनी डू यू थिंक?” सासरे म्हणाले.

“आय'म आस्किंग यू, सर.”

“थ्री,” सासरे ठणकावून म्हणाले. तोवर मोरागचे दोन्ही हात कोटाच्या खिशात गेले होते.

मग मोराग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “देन युअर लेफ्ट इज द बॉस. वी'ल शूट ऑफ द लेफ्ट शोल्डर.” आणि काडतुसं आणायला म्हणून ती जरा लांब गेली. त्या बाईचं मला आजही कौतुक वाटतं.

“बाबा, उजव्या डोळ्याने दिसत नाही तुम्हाला?”

“दिसते नं. उजेड दिसते.”

“कधीपासून?”

“होऊन राहिलं दोनेक वर्षं. काचबिंदू आहे. गेलं ते गेलं, म्हणते डॉक्टर, आता डावा सांभाळा. सांभाळून राहिलो मी. रोज ड्रॉप टाकतो. स्कूटर विकली. मी काही वेडा नाही.”

“मी हॉस्पिटलात काम करते, बाबा! आणि मलाच सांगितलं नाही?” हिचं नाक लाल झालं होतं.

“काऊन सांगू? तुझी आई गेली तेव्हापासून तू म्हणून राहिली, की बाबा, तुम्हाला काही झालं तर मी सगळं सोडून येतो. मग मला काही होऊन कसं चालेल?”

मी उगाच कुत्र्याला थोपटलं. सासऱ्यांनी चष्मा पुसला. “हे पाय बेटा, तू इथं किती कष्टानं उभी राहिली, मला माहीत आहे. माझ्या एका डोळ्यापायी ते सोडशील, तर माझा दुसराही काय कामाचा? एक काम कर. आज मी एक, फक्त एक तबकडी फोडली, तर तू इथंच राहायचं अन् मी तिथं. नाही फुटली, तर तू म्हणशील तसं.”

“हा काय पोरखेळ आहे, बाबा?”

“परीक्षा आहे,” सासरे म्हणाले.

ही त्यांचीच मुलगी. डोळे पुसत म्हणाली, “ठीक आहे. पण ग्रेस मार्क मिळणार नाही.”

“मागितला कोणी?”

आणि मग सासऱ्यांचा नेम आयुष्यात पहिल्यांदा, आमच्या डोळ्यांदेखत, चुकायला लागला. ‘पुल’ असं ओरडणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं, म्हणून ते “येऊ द्या!” म्हणत, आणि मोरागने दोन तबकड्यांत तेवढं मराठी आत्मसात केलं. येऊ द्या, ठो, आणि संत्र्याच्या रंगाची तबकडी धडधाकट जाऊन पलीकडच्या गवतात उतरे. पहिली वाऱ्यामुळे गेली. दुसरीचा वेग नियमात बसत नव्हता. तिसरी, त्यांच्या मते, चंचल होती. त्यानंतर ते कारणं देईनासे झाले, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

“डोन्ट एम, सर,” मोराग त्यांच्या कानाशी म्हणाली. “जस्ट लुक अॅट द क्ले. युअर हँड्स विल गो.”

सासरे माझ्याकडे वळले. “जावईबापू, ही बाई म्हणून राहिली नेम धरू नका! मग इतकी वर्षं मी काय केलं?”

शेवटी एकच काडतूस उरलं. सासऱ्यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली. त्यांचे खांदे पडले होते. शर्टाच्या कॉलरमधून दिसणारी त्यांची मान एकदम म्हाताऱ्या माणसाची वाटली. मी काही फार देवभोळा नाही, पण त्या वेळी मी मनात हात जोडले.

“येऊ द्या,” ते हळूच म्हणाले.

यंत्र खटकन वाजलं आणि मी स्पष्ट पाहिलं, की त्यातून निघाले ते दोन तुकडे. तबकडी आतच फुटली होती. त्याच क्षणी बंदूक वाजली. तुकडे गवतात पडले. मोरागने ‘नो बर्ड’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तिची नजर आमच्या हिच्याकडे गेली.

ही दोन्ही हात वर करून ओरडली, “फुटली! बाबा, फुटली!”

मोरागने टोपी सारखी केली. “एय,” तिने स्कॉटिश होकार भरला, “इट्स ब्रोकन, राइट इनफ.” आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मोरागने बंदूक उघडून बाजूला ठेवली आणि कुत्र्याला घेऊन जाऊन ते दोन तुकडे शोधून आणले. इकडे आपट्याची पानं कुठली मिळायला! सासऱ्यांनी एक तुकडा हिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “घे सोनं. सोन्यासारखी राहा. इथंच राहा.” ही त्यांच्या पाया पडली आणि तशीच त्यांच्या पायांशी बसून चांगली पोटभर रडली. दुसरा तुकडा त्यांनी मोरागला दिला, तो तिने टोपीत खोचला.

परतताना ही गाडी चालवत होती आणि मी मागे सासऱ्यांच्या शेजारी बसलो होतो. पुलावर आलो, तसे ते माझ्या कानाशी लागले. “जावईबापू, माझा डावा डोळा शाबूत आहे बरं का. पाहिलं मी.”

“मग बोलला नाहीत ते?”

सासऱ्यांनी पुढे गाडी चालवणाऱ्या हिच्याकडे पाहिलं. “चौतीसच होते,” ते म्हणाले. “पोरीनं पस्तीस केले. मला तेव्हा नाही जमलं.”

आता ते नागपुरात आहेत आणि आमची ही इथे. तो संत्र्याच्या रंगाचा तुकडा आमच्या देव्हाऱ्यात असतो, आणि येणाऱ्या पाहुण्याला तो काय आहे ते सांगताना ही अजूनही बाबांनी फोडलेली तबकडी असंच सांगते. रोज आमच्या दुपारच्या चहाच्या वेळी, म्हणजे त्यांच्या झोपायच्या वेळी, व्हिडिओ कॉल लागतो. सासरे मान वर करतात, ड्रॉपची बाटली डोळ्यावर धरतात, ही इकडून “येऊ द्या!” म्हणते, आणि पहिला थेंब हमखास गालावर पडतो.

“बरोबर मधोमध!” सासरे म्हणतात.

त्या बाबतीत मात्र ही एका गुणाची सवलत देत नाही. “नो बर्ड, बाबा,” ही म्हणते, “दुसरा टाका.” आणि ते मुकाट्याने दुसरा टाकतात.