वेल्माच्या सायकलची खाच

वेल्मा लिंडालचं सायकलवाल्या अर्विडशी जमलंय, अशी कुजबुज त्या हिवाळ्यात मिनिआपोलिसच्या आमच्या भागात घरोघरी होती. सलग चार शनिवार ती त्याच्या दुकानामागच्या कुंपणाआड दोन-दोन तास असायची. मी बातमी फक्त तीन घरी पोचवली. पुढं ती आपल्या पायांनी गेली.

वेल्मा शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य, वय अठ्ठावन्न. नवरा हार्लन पहाटेच गाडी घेऊन रेल्वेच्या यार्डात जाणार, म्हणून ही बर्फातही सायकलवर. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ गिअर खाऊन टाकतं, तेव्हा आमच्याकडे हिवाळ्याची सायकल बिनगिअरचीच. पण वेल्माच्या सायकलला मागचं चाक ज्यात बसतं त्या खाचा उभ्या. चाक मागं सरकवून चेन ताणायची सोयच नाही. नोव्हेंबरात ढिली चेन उतरली, वेल्मा आपटली, शाळेच्या भट्ट्या पेटायला उशीर झाला, आणि चारशे पोरांनी थंड पाव खाल्ला. आपटल्याचं तिला काही नव्हतं. पाव मात्र जिव्हारी लागला.

"या खाचा काप, दुसऱ्या जोड," तिनं अर्विडला सांगितलं.

"मागं तोंड असलेल्या घे. शर्यतीवाले त्याच घेतात. चाक सुटायची बात नाही."

"मी पोरांना जेवू घालते रे, शर्यती नाही मारत. वाटेत पंक्चर झालं तर?"

"मग काढून बघ की! हातमोजे घालून हं."

अर्विडनं तशा खाचांची एक जुनी फ्रेम आणली. वेल्मानं बर्फात बसून चाक मागं ओढलं, ते मडगार्डला अडकलं. मडगार्ड सोडवून चाक निघायला वीस मिनिटं.

"तोवर माझ्या भट्ट्या कोण पेटवणार, तू? पुढची दाखव."

दुसऱ्या फ्रेमची खाच तिरकी, लांब, पुढं तोंड असलेली. चेन ताणता येत होती, चाकही मडगार्डला न शिवता खाली येत होतं.

"पण नट ढिला राहिला, तर पायाच्या जोरानं चाक वाकडं होईल," अर्विड कुरकुरला.

"मी घट्ट लावलेली बरणी तू आजवर उघडलीयस?"

तिसऱ्या शनिवारी चाक काढून बसवायला नऊ मिनिटं लागली, चौथ्या शनिवारी सहा. मग त्यानं तिच्या सायकलच्या उभ्या खाचा कापायला करवत घेतली.

जानेवारीत, शून्याखाली वीस असताना, पुलावर पंक्चर झालंच. भट्ट्या वेळेवर पेटल्या.

खरं एवढंच की चारही शनिवार वेल्मा चाक काढत-घालत होती, आणि अर्विडची बायको मार्लिस शेजारी घड्याळ धरून बसलेली होती.